धुळीचे दप्तर

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सोन्याचांदीच्या वजनांचे एक कोष्टक आहे. त्याची सुरुवात अगदी अनपेक्षित जागी होते. जाळीतून आत आलेल्या उन्हाच्या कवडशात जो बारीक कण तरंगताना दिसतो तो त्रसरेणू, आणि सगळ्या मापांतले पहिले माप तेच. आठ त्रसरेणूंची एक लीख, तीन लिखांची एक काळी मोहरी, असे चढत चढत हे कोष्टक जव, गुंज आणि माशापर्यंत येऊन पोचते. वैशेषिकांनीही याच कणापाशी थांबून विचार केला. डोळ्यांना दिसू शकणारे सर्वांत लहान द्रव्य त्रसरेणू. त्याखालचे द्व्यणुक आणि परमाणू केवळ अनुमानाने जाणायचे. दिसणारे आणि न दिसणारे यांच्यामधली सीमा आपल्याकडच्या विचारवंतांनी एका धूलिकणावर आखून ठेवली होती.

हवेतल्या धुळीचे आजचे शास्त्र या सीमेच्या पलीकडे, न दिसणाऱ्यांच्या बाजूला चालते. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कणांना ते पीएम १० म्हणते आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम २.५. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून हे प्रमाण ध्यानात यावे. डोळ्यांत जाऊन सलणारी, फडक्याने पुसता येणारी धूळ नाकातल्या केसांत आणि घशात अडकते, शिंकेबरोबर, खोकल्याबरोबर बाहेर पडते. अडीच मायक्रॉनच्या आतला कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत जातो आणि तिथेच ठाण मांडतो. ज्याचा त्रास लगेच जाणवतो त्याच्यापेक्षा ज्याचा जाणवत नाही तो अधिक घातक, अशी ही विचित्र व्यवस्था आहे. म्हणून या बाबतीत डोळ्यांची साक्ष पुरत नाही. आणि प्रश्न आजच्या हवेचा नसून तीस-चाळीस वर्षांच्या हवेचा असेल, तर स्मरणाचीही पुरत नाही.

चंद्रपूरचे उदाहरण घेऊ. गोंड राजांच्या परकोटाचे हे शहर कोळशावर बसलेले आहे. जिल्ह्यात कोळशाच्या खाणी एकोणिसाव्या शतकापासूनच्या. आज शहराच्या उंबरठ्यावर वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, खुल्या खाणी आहेत, त्यांतून उपसलेल्या मातीचे डोंगर आहेत, आणि दुर्गापूरला २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या बाजूला सिमेंट, बल्लारपूरला कागद, ताडाळीला औद्योगिक वसाहत. या सगळ्यांना जोडणारे रस्ते, आणि त्या रस्त्यांवरून दिवसरात्र धावणारे कोळशाचे ट्रक. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण फार. वीजकेंद्रात शंभर किलो कोळसा जळला की तीस-पस्तीस किलोंहून अधिक राख मागे उरते. इतक्या साऱ्या गोष्टी एका जिल्ह्यात आल्यावर हवेत धूळ असणारच. ती किती, आणि वाढते आहे की घटते आहे, हा खरा प्रश्न.

या प्रश्नावर चंद्रपुरात दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतात, पूर्वी एवढे नव्हते. आता दोरीवरच्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काळा थर बसतो. दुसरे म्हणतात, ते काहीच नाही. चिमण्यांना आधुनिक यंत्रे बसण्याआधी काय होते ते तुम्ही पाहिलेले नाही. दोघेही प्रामाणिक असतात. पण नाक सवयीचे गुलाम आहे आणि आठवण मनःस्थितीची. ज्या वासाने पाहुणा दचकतो तो घरच्याला येतही नाही. वीस वर्षे त्याच हवेत राहिलेल्या माणसाला त्या हवेबद्दल विचारणे म्हणजे बखरकाराला लढाईची नक्की तारीख विचारण्यासारखे आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. बखरींवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रसंगानंतर पुष्कळ काळाने, ऐकीव माहितीवर, कोणाची तरी भलावण करण्यासाठी लिहिलेल्या पानांपेक्षा त्या दिवशी त्या जागी लिहिलेला कागदाचा एक कपटा त्यांना मोलाचा वाटे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ त्यांनी याच निष्ठेने गावोगावच्या वाड्यांतून गोळा केली. पण अस्सल कागद मिळाला की काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, तिथीचा मेळ बसतो का, मधली पाने गहाळ आहेत का, हे तपासल्यावाचून तो बोलत नाही. हवेच्या नोंदींनाही नेमकी हीच चिकित्सा लागते, असे मला वाटते. औद्योगिक प्रदेशाची हवा वर्षानुवर्षे मोजणे हे जितके रसायनशास्त्राचे काम आहे, तितकेच ते दप्तर सांभाळण्याचे आणि दप्तर वाचण्याचे काम आहे.

हे दप्तर लिहिले कसे जाते? भारतात राष्ट्रीय पातळीवर ते १९८४ मध्ये सुरू झाले, तेही अवघ्या सात केंद्रांवर, आग्रा आणि अनपारा या दोन ठिकाणी. एकीकडे ताजमहालाचा संगमरवर, दुसरीकडे कोळशावरची वीज. कशाची चिंता आधी वाटली, हे त्या दोन नावांतूनच कळते. पुढे केंद्रे वाढत गेली, महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती ठिकठिकाणी बसवली. पद्धत साधी आहे. एखाद्या कार्यालयाच्या गच्चीवर लोखंडी पेटी, तिच्यात मोटर, मोटर मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा काचतंतूंच्या कागदातून ओढते. आठ तासांनी कागद बदलायचा. कागद आधी कोरडा करून तोललेला असतो, नंतर पुन्हा कोरडा करून तोलायचा. दोन वजनांतला फरक भागिले ओढलेली हवा, की झाला आकडा.

पेटी दिवसभरात साधारण १,५८० घनमीटर हवा ओढते. एका माणसाला तेवढी तीन महिन्यांहून अधिक पुरावी. हवेत घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम धूळ असेल तर आठ तासांच्या एका कागदावर पन्नासेक मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाइतकी धूळ बसते. एवढ्याशा फरकावर सगळा डोलारा. कागदाने पावसाळी दिवसात ओल धरली, काढताना त्याचा एक कोपरा झिजला, मधे वीज गेली आणि मोटर दोन तास बंद राहिली, तर तो फरकच बदलतो. म्हणून या कामात बुद्धीपेक्षा शिस्त जास्त लागते. रोज तीच कृती, त्याच क्रमाने, कंटाळा न करता. हवामानखात्याच्या पर्जन्यमापकापाशी किंवा नदीच्या पूररेषेपाशी ज्यांनी आयुष्यभर अशा नोंदी केल्या, त्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात. पण आज हवामानबदलाविषयी आपण जे ठामपणे बोलतो, ते त्यांच्या जिवावर.

आता चिकित्सेकडे वळू. पहिला प्रश्न गहाळ पानांचा. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमानुसार हाताने चालणाऱ्या या केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस मोजणी होते. बाकीच्या २६१ दिवसांची हवा कोणी मोजलेली नसते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने वार्षिक सरासरीला १०४ दिवस बरेच झाले. पण डिसेंबरात वारा पडतो, रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि चिमणीपासून शेकोटीपर्यंतचा सगळा धूर खालीच कोंडतो. असे चार दिवस मोजणीच्या वारांच्या मधे येऊन गेले, तर दप्तरात त्यांचा मागमूस राहत नाही. ज्या दम्याच्या रुग्णाने ते चार दिवस काढले, त्याच्या लेखी वर्षाचा अर्थ तेवढाच असतो.

दुसरा प्रश्न मापाचा. सुरुवातीच्या वर्षांत मोजली जाई ती एकूण तरंगती धूळ, एसपीएम. मग श्वासाबरोबर आत जाणारी धूळ वेगळी मोजू लागले. मग पीएम १०, आणि त्यानंतर पीएम २.५. शास्त्र पुढे गेले, हे योग्यच झाले. मात्र दर वेळी जुने माप बंद झाले की एक खंड संपतो आणि दुसरा पहिल्या पानापासून सुरू होतो. १९९० ची हवा आणि २०२० ची हवा शेजारी ठेवायला जावे, तर दोन्हीकडे आकडे आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. एकूण धुळीतला बारीक कणांचा वाटा ठरावीक नसतो. खाणीजवळ तो कमी, चिमणीच्या सावलीत जास्त, उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरा. म्हणून एका मापाला कुठल्याशा ठरावीक संख्येने गुणून दुसरे काढता येत नाही. यावर उपाय जुनाच आहे: नवे यंत्र आले की जुने लगेच काढायचे नाही, दोन्ही एकाच गच्चीवर वर्ष-दोन वर्षे शेजारी चालवायची. खर्च दुप्पट, श्रेय शून्य. त्यामुळे तो टाळण्याचा मोह फार होतो.

तिसरा प्रश्न निकषाचा, आणि तो मला सर्वांत अस्वस्थ करतो. १९९४ च्या राष्ट्रीय मानकांत प्रदेशांचे तीन वर्ग होते. एकूण तरंगत्या धुळीची वार्षिक मर्यादा संवेदनशील भागात ७०, निवासी भागात १४० आणि औद्योगिक भागात ३६० मायक्रोग्रॅम. श्वसनीय धुळीची मर्यादा निवासी भागात ६०, औद्योगिक भागात १२०. म्हणजे ज्याच्या घराभोवती कारखाना उभा राहिला त्याच्या फुप्फुसांकडून दुप्पट सहनशीलतेची अपेक्षा कायद्यानेच केली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये हा भेद गेला. औद्योगिक, निवासी, ग्रामीण सर्वांना पीएम १० साठी वार्षिक ६० आणि पीएम २.५ साठी ४० अशी एकच मर्यादा आली. समजा, एखाद्या औद्योगिक गावातल्या श्वसनीय धुळीची सरासरी त्या आधी आणि नंतर ११० च राहिली. २००८ साली ते गाव नियमात होते, २०१० साली नियमाबाहेर. हवा तीच, माणसे तीच, खोकला तोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वार्षिक ५ मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे, हे लक्षात घेतले तर आजचे निर्दोष गावही उद्याच्या वाचकाला निर्दोष दिसणार नाही. निकष हा त्या काळाच्या सोयीचा आणि धैर्याचा दस्तऐवज असतो. म्हणून दप्तरात ‘मर्यादेत’ एवढाच शेरा मारून भागत नाही. मूळ आकडा जपावा लागतो.

चौथा प्रश्न वजनाचा. एक मायक्रॉनचे हजार कण आणि दहा मायक्रॉनचा एक कण, घनता सारखी असेल तर दोहोंचे वजन एकच. तराजूला म्हणूनच मोठ्या कणांचा आवाज ऐकू येतो, लहानांचा जमाव ऐकू येत नाही. रस्त्यावर पाणी मारले, ट्रकवर ताडपत्री घातली, की पीएम १० खाली येते. ते आवश्यकही आहे. पण भट्टीत जळालेल्या गंधकाचा वायू चिमणीतून वर गेल्यावर वातावरणात त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. ते पाण्याच्या टँकरने बसत नाहीत. त्यासाठी गंधक धुऊन काढणारी यंत्रणा लागते; डिसेंबर २०१५ मध्ये वीजकेंद्रांना तशी मानके घालून दिली गेली आणि त्यांची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात चंद्रपूरचा समावेश आहे. त्या कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर तोलली गेली. जे मोजले जाते त्यावर पैसा मिळतो, आणि ज्यावर पैसा मिळतो तेच आधी सुधारते. यात कोणाचा कट नाही. कामाचा ओघच तसा वाहतो.

पाचवा प्रश्न, लिहिणाऱ्यावर दडपण कोणाचे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी दिल्लीच्या सहकार्याने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक समूहांना गुण दिले. हवा, पाणी आणि जमीन मिळून चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर देशात चौथा क्रमांक. सत्तरच्या वर गेलेल्या ४३ समूहांत नव्या उद्योगांच्या मंजुऱ्या जानेवारी २०१० मध्ये थांबवण्यात आल्या. एका आकड्याने कोट्यवधींची गुंतवणूक अडली. असे घडले की तो आकडा निव्वळ हवेचा राहत नाही. त्याच्याभोवती हितसंबंधांची दाटी होते. कोणी खोटे लिहील असे नव्हे. केंद्र कुठे असावे, कोणत्या गच्चीवर, झाडाच्या आड की चौकात, अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या निर्णयांतही आकड्याचे भवितव्य दडलेले असते. राजवाडे कागदाची शाई तपासत. इथे गच्चीची उंची तपासावी लागेल.

इतकी चिकित्सा केल्यावर वाटू लागते, मग या नोंदींचा उपयोग तरी काय? त्याचे उत्तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खोऱ्यात मिळते. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेला एक पोलाद कारखाना होता, जिनिव्हा स्टील. कामगार-मालक तंट्यामुळे तो ऑगस्ट १९८६ मध्ये बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधला एक हिवाळा धुराविना गेला. आर्डन पोप हे तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी धुळीच्या नोंदींशेजारी रुग्णालयांच्या नोंदवह्या ठेवल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांसाठी दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद हिवाळ्याच्या दोन-तीन पट होती. १९८९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि धुळीच्या शास्त्राला वेगळे वळण लागले. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सहा शहरांतल्या आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षांचा मागोवा मांडला. सर्वांत मळक्या हवेच्या शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी अधिक निघाले. ते मळके शहर म्हणजे ओहायोतले पोलादाचे गाव, स्टुबेनव्हिल.

या दोन्ही अभ्यासांत चमत्कारिक यंत्र कोणतेच नव्हते. होता तो खंड न पडू देण्याचा आग्रह. युटातल्या खोऱ्यात धूळ मोजणाऱ्यांना कारखाना बंद पडणार हे आधी ठाऊक नव्हते. त्यांनी नेहमीप्रमाणे कागद बदलले, तोलले, लिहिले. पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल हे नोंद करणाऱ्याला कधीच कळत नसते. म्हणून त्याला सगळेच नीट लिहून ठेवावे लागते. आणि नुसत्या धुळीच्या वहीने उत्तर दिले नसते. रुग्णालयाची वही तिच्या शेजारी आली, दोन्हींच्या तारखा जुळल्या, तेव्हा पुरावा उभा राहिला. हवा आणि आजार यांची दप्तरे दोन खात्यांच्या दोन कपाटांत राहिली, तर दोन्ही मुकी.

अलीकडे या दप्तराचे रूप पालटते आहे. चंद्रपुरात आता स्वयंचलित केंद्रे आहेत. कागदाच्या फितीवर बसलेल्या धुळीतून बीटा किरण किती आरपार जातात यावरून ती तासातासाला आकडा देतात. त्याहून स्वस्त, हातात मावणारे संवेदक कोणीही विकत घेऊन खिडकीत लावू शकतो. त्यांचे काम गमतीचे आहे: अंधाऱ्या डबीत प्रकाशाची एक शलाका, तिच्यातून जाणारी हवा, आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपणारा डोळा. मनूच्या जाळीतला कवडसा आता खिशात आला आहे आणि त्याची नजर त्रसरेणूच्या पुष्कळ खाली पोचली आहे. पण दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि हा डोळा त्यांना जाडजूड समजतो. काळाबरोबर तो मंदही होतो. म्हणून त्याला अधूनमधून जुन्या, कंटाळवाण्या तराजूपाशी नेऊन उभे करावे लागते. आकडे मुबलक झाले की त्यांची किंमत उतरते, आणि किंमत उतरलेली वस्तू कोणी जपून ठेवत नाही. तासातासाचे आकडे पडद्यावर झळकतात आणि सरकून जातात. त्यांतले किती तास यंत्र बंद होते, ते कधी दुरुस्त झाले, कोणी तपासले, ही समासातली टिपणे जपली गेली नाहीत, तर आपण अतोनात माहिती असलेली बखर लिहून ठेवू.

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश उच्चदाब वाहिनी जाते, १,५०० मेगावॉट वीज वाहून नेणारी. त्या विजेचा प्रत्येक युनिट मोजला जातो. केंद्रातून निघताना मीटर, पोचल्यावर मीटर, घरोघरी मीटर. एक क्षणही नोंदीवाचून जात नाही, कारण प्रत्येक युनिटचे पैसे कोणी तरी कोणाला तरी देणे लागतो. तीच वीज तयार होताना मागे राहणाऱ्या धुळीची मोजणी मात्र वर्षानुवर्षे आठवड्यातून दोन दिवसांवर भागली. देणे मान्य असले की मोजणी आपोआप अखंड होते. हवेच्या दप्तरातली गहाळ पाने यंत्रांच्या अभावी गहाळ नव्हती. हे कोणाचे तरी देणे आहे, असे अजून कुठेच लिहिलेले नव्हते, म्हणून ती गहाळ राहिली. विजेच्या बिलावर मागचे रीडिंग, चालू रीडिंग आणि मीटरचा क्रमांक छापणे बंधनकारक असते. घुग्घुसच्या किंवा दुर्गापूरच्या रहिवाशाला त्याच्या हवेच्या प्रत्येक आकड्याबरोबर एवढाच तपशील हक्काने मागता यावा: कोणत्या यंत्राने, कोणत्या गच्चीवरून, किती तास, आणि याच जागी दहा वर्षांपूर्वी किती.